मागच्या सीटवरचे यादवराव

बत्तीस वर्षं ज्या माणसानं परतवाडा डेपोची एस.टी. चालवली, चिखलदऱ्याच्या घाटात धुक्यातून चालवली, धारणीच्या जंगलात रस्त्यावर अस्वल आलं तर दिवे बारीक करून त्याला आधी जाऊ दिलं आणि एवढं करून गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही, त्या माणसाला मेलबर्नला बोलवायचं आणि गाडीत चिप्सच्या पिशव्यांशेजारी कोंबायचं, ह्याला काय म्हणावं? मुलगा म्हणे, ‘बाबा, तुम्ही आता आराम करा.’ आराम! त्यासाठी का कुणी दोन विमानं बदलून येतं? आराम परतवाड्यात ओट्यावर बसूनही होत होता, आणि तिथं निदान रस्त्यावरून जाणाऱ्याला चार शिव्या तरी घालता येत होत्या.

तसं बघायला गेलं तर मेलबर्नमधल्या पॉइंट कुकच्या घरून निघताना केतननं वडलांना मोठ्या मानानं पुढच्या सीटवर बसवलं होतं. मार्चमधली लेबर डेची तीन दिवसांची सुट्टी, मोठी क्लूगर गाडी, डिकीत चकल्यांचा डबा. बेत असा, की साउथ गिप्सलंडचे समुद्रकिनारे बघायचे, तिथले जुने पडके अवशेष बघायचे, आणि इन्व्हरलॉक गावात एक अस्सल मेक्सिकन बाई टाको करते, तिच्याकडे जेवायचं. पण वेस्ट गेट ब्रिज संपेपर्यंत यादवरावांनी स्वतःच्या पायाखाली नसलेला ब्रेक चौदा वेळा दाबला. दोनदा ‘डिपर दे त्याले, डिपर दे!’ म्हणून ओरडले. आणि एकदा तर काच खाली करून, हात बाहेर काढून मागच्या ट्रकवाल्याला ‘जा बाबा पुढं’ अशी खूण केली. ट्रकवाल्यानं तिचा काय अर्थ घेतला कोण जाणे, पण पूल उतरेपर्यंत त्यानं भोंग्यावरचा हात काही काढला नाही.

पुढच्याच पेट्रोल पंपावर सीटा बदलल्या. सून वैष्णवी पुढं गेली आणि यादवराव मागं, बायको सुशीलाबाई आणि दहा वर्षांची नात मयूरा ह्यांच्या मध्ये.

‘बरं झालं,’ सुशीलाबाई म्हणाल्या. ‘इथं ब्रेकच नाही, तर दाबसान काय?’

यादवरावांनी शर्टाच्या खिशावर हात ठेवला. खिशात इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट होतं. अमरावतीच्या आरटीओत दोन चकरा मारून, बायकोला ‘दाताच्या डॉक्टरकडे चाललो’ अशी थाप मारून काढलेलं. ह्या देशात यायचं ठरलं त्या दिवसापासून त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. घाट झाला, जंगल झालं, मेळघाटातले पावसाळे झाले. समुद्राच्या काठानं गाडी चालवायची मात्र राहून गेली होती. विदर्भात समुद्र आणणार कुठून? डाव्या हाताला पाणी, हातात स्टिअरिंग, एवढं एकदा झालं की बस्स. परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं आणि अडीच महिन्यांत त्यांनी ह्या गाडीची चावी फक्त खुंटीवर टांगलेली पाहिली होती.

पहिल्या दिवशी किलकुंडाच्या किनाऱ्यावर त्यांनी विषय काढला. पोरगी लाटांमध्ये पळत होती, सुशीलाबाई साडी वर धरून पायाच्या घोट्यापर्यंत आणि त्याच्या पुढं एक इंचही नाही अशा पाण्यात उभ्या होत्या. मुलगा खुशीत दिसला, तेव्हा यादवरावांनी परमिट काढून त्याच्या हातात ठेवलं.

केतन बघतच राहिला. ‘हे कधी काढलंत?’

‘काढलं. चालते न इथं?’

‘चालतं, पण इन्शुरन्सचं काय बाबा? पॉलिसीत तुमचं नाव नाही. काही झालं तर सगळं आपल्या अंगावर येईल.’

इन्शुरन्स म्हटल्यावर यादवरावांनी परमिट परत खिशात घातलं. नियम तो नियम. एस.टी.त उभा जन्म गेलेला माणूस, कागदाला कसा नाही म्हणणार?

मयूराला मात्र ते पटलं नाही. ही पोरगी मराठी समजायची सगळं, बोलायची इंग्लिश, आणि आजोबांशी तिसरीच कुठली तरी भाषा. रविवारी संध्याकाळी मोटेलमध्ये तिनं बापाच्या फोनवरून ती पॉलिसी काढली आणि पलंगावर पालथी पडून शेवटच्या पानापर्यंत वाचली. शाळेत गोष्टीचं पुस्तक कधी एवढं मन लावून वाचलं नव्हतं कारटीनं.

‘आबा! एनी लायसन्स्ड ड्रायव्हर ओव्हर ट्वेंटी-फाइव्ह. इट्स लिटरली लिहिलंय! तुम्ही ट्वेंटी-फाइव्हपेक्षा मोठे आहात ना?’

‘थोडा मोठा हाये,’ यादवराव म्हणाले. त्या रात्री त्यांना इतकी छान झोप लागली की सुशीलाबाईंना त्यांच्या घोरण्यानं तीनदा उठावं लागलं.

सोमवारी सकाळी अवशेष बघायला निघाले ते वॉकरव्हिलला. वाटेत केतन सांगत होता, दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, हेरिटेज आहे. गाडी लावून, कड्याखालच्या पायवाटेनं, ओल्या दगडांवरून, सुशीलाबाईंचा हात धरून वैष्णवीनं त्यांना नेलं. समोर निळाशार समुद्र, मागे उंच कडा, आणि कड्याला टेकून दगडी भिंती आणि कमानी उभ्या. त्यात झाडं उगवलेली.

यादवरावांनी एका कमानीत वाकून पाहिलं. भिंतीवरून हात फिरवला, बोटाला लागलेलं पांढरं चोळून बघितलं.

‘ही तर चुनाभट्टी हाये,’ ते म्हणाले.

‘हो बाबा, लाइम किल्न्स. इथून चुना जहाजानं मेलबर्नला जायचा.’

‘म्हणजे दोनशे किलोमीटर आणून तू आमाले चुनाभट्टी दाखवून रायला? अरे, आपल्या गावच्या नाल्यापाशी होती की एक! तिथं कोणी तिकीट काढून येत नव्हतं.’

‘इथंही तिकीट नाहीये,’ केतन म्हणाला आणि हसला. सगळेच हसले. सुशीलाबाई म्हणाल्या, चुनाभट्टी का होईना, जागा मोक्याची धरली मेल्यांनी. आणि त्यांनी कमानीत उभं राहून चार फोटो काढून घेतले.

आता लोखंड तापलं होतं. मयूरानं आजोबांकडे पाहिलं, आजोबांनी मान हलवली, आणि पोरीनं बापापुढं फोनवरचं पॉलिसीचं ते पान धरलं. ‘डॅड, आबा इज कव्हर्ड. पेज सिक्स.’

केतननं पान वाचलं. दोनदा वाचलं. मग फोन खिशात टाकला.

‘बाबा, इन्शुरन्सचं राहू द्या. तुमचं वय सदुसष्ट आहे. ही ऑटोमॅटिक गाडी, हे फ्रीवे, शंभरचा स्पीड. नाही म्हणजे नाही. उगाच पोरीला मध्ये घालू नका.’

असं भर किनाऱ्यावर, नातीसमोर. यादवरावांना ते लागलं, फार लागलं. वय काय त्यांनी लपवलं होतं? आणि सदुसष्टाव्या वर्षी माणूस एकदम गाडी चालवायचं विसरतो? ज्या पोराची कॉलेजची फी ह्याच दोन हातांनी स्टिअरिंग फिरवून भरली, ते पोर आज ह्या हातांवर शंका घेतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि इन्व्हरलॉक येईपर्यंत ते नातीच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत बसले.

मेक्सिकन बाईचं दुकान निळ्या दाराचं होतं. बाईचं नाव लुपे, मेरिडा गावची, साठीची, दंडाला भरलेली आणि तोंडानं फटकळ. ती पत्र्याच्या यंत्रात मक्याच्या पिठाचा गोळा दाबून पोळ्या करत होती. ‘अव माय, यंत्रानं?’ सुशीलाबाई म्हणाल्या, आणि काउंटरपाशी जाऊन तिला हातावर भाकरी थापायची खूण करून दाखवली. लुपेनं दोन्ही हात जोडले आणि पुन्हा यंत्र दाबलं.

वैष्णवीनं मार्गारिटा कॉकटेल मागवलं. गाडी केतन चालवणार होता, आठवडाभर तिच्या मागे ऑडिट होतं, आणि सुट्टीचा शेवटचा दिवस होता.

सुशीलाबाईंनी ग्लासच्या कडेचं मीठ बघितलं. ‘रोज सकाळी पंचशील म्हणते न तू? पाचवं कोणतं वं?’

‘आई, आज चारच म्हटली,’ वैष्णवी म्हणाली. सुशीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. वैष्णवीनं मग दुसरीही मागवली.

आता केतनचं ऐका. बारा वर्षं ह्या देशात राहून ह्या माणसाची एक खात्री पटली होती, की इथं ज्याला ‘एक्स्ट्रा हॉट’ म्हणतात ते म्हणजे आपलं आजारी माणसाचं वरण. थाई असो, पेरी-पेरी चिकन असो, प्रत्येक ठिकाणी तो ठरलेलं वाक्य बोलायचा. त्याच्यासारखे सगळेच बोलतात. पॉइंट कुकमध्ये पाच मराठी घरं जेवायला बाहेर पडली तर पाचही वेटरला हेच सांगतात.

‘मेक इट इंडियन हॉट, प्लीज. नॉट ऑझी हॉट.’

लुपेनं त्याला खालून वर पाहिलं. ‘यू शुअर, मेट?’

‘आपण वऱ्हाडी माणसं,’ केतन यादवरावांना म्हणाला, जरा त्यांची कळी खुलावी म्हणून. ‘हिला काय माहीत!’

हिला चांगलंच माहीत होतं. तिनं आतून एक छोटी वाटी आणली, नारिंगी चटणीची, आणि बशीत दोन चिरलेल्या हाबानेरो मिरच्या. दिसायला अशा गोंडस, की देवघरातही ठेवाव्या. सुशीलाबाईंनी चटणी बोटानं चाखली आणि ‘लसूण कमी हाये’ म्हणून पुढं खाल्ली. यादवरावांनी त्या वाटीला हात लावला नाही. त्यांनी भात आणि घेवड्याची उसळ घेतली. घाटात गाडी न्यायची असली की झणझणीत खायचं नाही, ही बत्तीस वर्षांची सवय. गाडी आपल्याला न्यायची नाही, हे पोटाला कुठं ठाऊक?

केतननं मात्र टाकोवर चटणी लोटली, मिरची हातानं कुस्करली आणि मोठा घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तो थांबला. कान लाल झाले, मग मान, मग कपाळावर घामाचे थेंब. ‘मस्त आहे,’ असं तो म्हणाला, पण आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आणि ते पाणी त्यानं पुसलं, त्याच बोटांनी.

पुढची पंधरा मिनिटं सांगण्यात अर्थ नाही. केतन ओरडला, खुर्ची पडली, लुपे दूध घेऊन धावली, ‘आय सेड शुअर, ही सेड शुअर!’ असं सगळ्या गिऱ्हाइकांना सांगत तिनं त्याला मोरीवर वाकवून नळ सोडला. उचलली जीभ लावली टाळ्याला, तर असं होतं. डोळे शेवटी वाचले, नुसते टोमॅटोसारखे झाले. पण कॉन्टॅक्ट लेन्स नळाखालून वाहून गेल्या. केतनचा नंबर उणे साडेपाच, आणि चष्मा पॉइंट कुकच्या बाथरूममध्ये, आरशाखाली.

म्हणजे गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही, आणि जिला दिसतं तिच्या पोटात दोन मार्गारिटा. दुपारचे अडीच वाजले होते. उद्या पोरीची शाळा.

‘नो वरीज,’ केतन डोळ्यांवर ओला रुमाल धरून म्हणाला. ‘आपण सहा-साडेसहापर्यंत बसू. तोवर वैष्णवी ठीक होईल.’

चार तास! चार तास बसायला तयार होता, पण चावी द्यायला नाही. यादवराव उठले आणि बाहेर जाऊन समोरच्या बाकावर बसले. सुशीलाबाई मागोमाग आल्या.

‘जा न, बोला त्याले. आता तर नाही म्हणायले तोंड नाही त्याले.’

‘दोनदा बोललो. ड्रायव्हरची ड्यूटी लागते सुशीला, चार्टावर नाव येते त्याचं. तो मागत फिरत नाही.’

‘मंग बसा पुतळ्यावानी,’ सुशीलाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आत त्यांनी मुलाला काय सुनावलं ते यादवरावांना ऐकू आलं नाही. पण थोड्या वेळानं केतन दाराची चौकट चाचपत बाहेर आला, बाकाला गुडघा आपटून घेतला आणि शेजारी बसला.

केतनच आधी बोलला.

‘बाबा, वयाचं मी उगाच बोललो. तुम्ही माझ्यापेक्षा चांगली चालवता, मला माहीत आहे.’

‘मंग?’

‘धारणीची गाडी आठवते? साडेआठला यायची डेपोत. पावसाळ्यात नऊ वाजायचे, दहा वाजायचे. आई दारात उभी असायची. मी पुस्तक उघडून बसायचो आणि एक ओळ वाचायचो नाही. घाटात झाड पडलं असेल, गाडी खाली गेली असेल, असलं काय काय डोक्यात यायचं. तुम्ही यायचा, डबा ठेवायचा आणि जेवायला बसायचा. तुम्हाला काही कळायचंच नाही. तुम्ही रिटायर झालात ना, त्या दिवशी मी इथं पार्किंगमध्ये बसून रडलो. सुटलो म्हणून. मला तुम्हाला पुन्हा स्टिअरिंगवर बघायचं नव्हतं, बाबा. बस, एवढंच आहे.’

एवढी वर्षं हे पोर अभ्यास करतंय असं यादवराव समजत होते. घरात शिरताना त्यांना भूक लागलेली असायची, पाय ठणकत असायचे, आणि कोपऱ्यात पुस्तक धरून बसलेलं पोर बघून त्यांना बरं वाटायचं. त्यांनी केतनच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘पण मी रोज आलो का नाही?’

‘आलात.’

‘एखाद दिवस चुकला?’

‘नाही.’

‘मंग आजबी नेतो.’

केतननं खिशात हात घातला. चावी काढली, वडलांचा हात कुठं आहे ते नीट दिसेना, म्हणून चाचपून त्यांच्या तळव्यात ठेवली.

यादवरावांनी आधी गाडीभोवती फेरी मारली. चारही चाकांना बुटानं ठोकून पाहिलं, काचा पुसल्या, आरसे लावले. वैष्णवीनं पुढं बसून त्यांना गिअरची दांडी समजावली. त्यांचा डावा पाय बिचारा क्लच शोधत राहिला, शेवटी त्यांनी त्याला आखडून सीटखाली घेतलं. सगळे बसले, पट्टे लागले. गाडी काही हलेना.

‘काय झालं बाबा?’ वैष्णवीनं विचारलं.

‘डबल बेल?’

‘कसली बेल?’

‘कंडक्टरनं दोन घंट्या दिल्याबिगर एस.टी. हालत नसते,’ सुशीलाबाई मागून म्हणाल्या, चकल्यांचा स्टीलचा डबा मांडीवर घेतला आणि चमच्यानं त्यावर दोन टोले हाणले. टण्ण, टण्ण. मयूरा खिदळली आणि क्लूगर निघाली.

इन्व्हरलॉक सोडून रस्ता कड्यावर चढला आणि डाव्या हाताला समुद्र उघडला. अहाहा! काय तो समुद्र! खाली लाटा खडकांवर फुटतायत, रस्ता एकदा आत जातोय, एकदा बाहेर येतोय, आणि प्रत्येक वळणावर पुन्हा पाणी. यादवरावांनी वेग साठच्या वर नेला नाही. मागं दोन गाड्या साठल्या की डावीकडे घेऊन त्यांना वाट द्यायचे, पुन्हा रस्त्यावर यायचे. वळणावर कुणी डोलत नव्हतं, कुणाच्या मानेला झटका नव्हता. मयूराच्या हातातला ज्यूसचा ग्लास काठोकाठ भरलेला होता, तो तसाच राहिला. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते पुसले नाहीत. एक तर दोन्ही हात कामात होते, आणि डोळे पुसण्याचा परिणाम नुकताच पाहिला होता.

‘आबा, यू आर सो गुड अॅट धिस!’

‘सो गुड म्हणजे?’

‘म्हणजे डॅडपेक्षा.’

किलकुंडाच्या आसपास कुठं तरी मागं केतनची मान सुशीलाबाईंच्या खांद्यावर कलली आणि फ्रीवे लागायच्या आत तो गाढ झोपला. सुशीलाबाईंनी त्याच्या डोळ्यांवरचा रुमाल सरळ केला. ह्या गाडीत हा माणूस कधी झोपल्याचं वैष्णवीला आठवत नव्हतं. ती चालवायची तेव्हाही तो पुढं बसून रस्ता बघायचा, बापासारखाच. यादवरावांनी आरशात एकदा बघितलं. पुढं फ्रीवेवर ट्रक आले, गर्दी आली, वेस्ट गेट ब्रिज आला, पण त्यांनी एकदाही जोरात ब्रेक लावला नाही.

पॉइंट कुकला पोचले तेव्हा सहा वाजले होते आणि ऊन होतं. गल्ली आली, घर आलं. यादवरावांनी वेग कमी केला आणि घरावरून गाडी पुढं काढली.

‘अहो, घर मागं रायलं!’ सुशीलाबाई म्हणाल्या.

‘हळू बोल. पोरगं झोपलं हाये.’

पुढच्या राउंडअबाउटला वळसा घालून ते परत आले. पुन्हा घर आलं, पुन्हा मागं गेलं. शेजारचा माणूस कचऱ्याचा डबा बाहेर काढत होता, त्यानं हात केला. तिसऱ्या फेरीला त्यानं पुन्हा हात केला, जरा काळजीनं. वैष्णवी हसू दाबून बसली होती.

तिसऱ्यांदा घर मागं पडलं तेव्हा मागून आवाज आला. केतनचे डोळे मिटलेलेच होते.

‘बाबा, मी वेस्ट गेटपासून जागा आहे.’

‘मंग बोलला काहून नाही?’

‘बोललो असतो तर तुम्ही गाडी घरी थांबवली असती.’

यादवरावांनी इंडिकेटर दिला आणि गाडी पुन्हा राउंडअबाउटकडे घेतली.